लॅटिनपुढची चांदणी

...नाही, हिरवीच असावी त्या तक्त्याची शाई. की निळी? बघा, इथंच माझी गाडी घसरते. आता तुम्ही म्हणाल, शाईचं काय घेऊन बसलात, पुढचं सांगा. पण मला जर शाई आठवत नसेल तर बाकीचं आठवतं यावर तुम्ही विश्वास का ठेवावा? मी तरी का ठेवावा? माझी बायको एल्सा म्हणायची, "हार्लन, तू दार उघडायच्या आधी दाराची माफी मागतोस." खरं होतं तिचं. अजूनही मागतो. पण त्या शुक्रवारी, एकदाच, आयुष्यात एकदाच, मी कुणाची माफी न मागता, कुणाला न विचारता, छातीठोक बोललो. आणि तिथंच घात झाला!

तुम्हाला सांगतो, आमच्या कॉलेजात एक पद्धत होती. कॅन्ससमधलं, गव्हाच्या कोठारांच्या मधोमध उभं असलेलं छोटंसं लुथरन पंथाचं कॉलेज, चारशे मुलं, त्यातली निम्मी एकमेकांची चुलतभावंडं. तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी आपला मुख्य विषय जाहीर करायचा तो मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, दुपारी चारच्या आत. प्रत्येकाच्या हातात एक पिवळं कार्ड. कार्डावर नाव, विषय, आणि खाली सल्लागार प्राध्यापकाची सही. सही नाही तर विषय नाही! आणि हे सगळं कुठं? तर जिममध्ये. बास्केटबॉलच्या मैदानावर टेबलं मांडायची, एकेका विषयाचं एकेक, आणि टेबलामागं आम्ही डॉक्टरेट मिळवलेली माणसं, आठवडी बाजारात भाजीवाले बसतात तशी! रसायनवाले धूर काढून दाखवायचे. अकाउंटिंगवाले पेनं फुकट द्यायचे. संगीतवाल्यांकडं बाई पियानो वाजवायच्या. आणि मी? माझ्या टेबलावर एल्सानं भाजलेली आल्याची बिस्किटं. मुलं यायची, बिस्किट उचलायची, "काय विषय आहे सर?" विचारायची, मी "लॅटिन" म्हटलं की दुसरं बिस्किट उचलून जायची.

तर एकोणीसशे ब्याऐंशी साल. त्या वर्षी काय झालं, की आमच्या नोकरी-कचेरीच्या मिसेस ड्रेक, त्यांनी एक तक्ता केला. बाई अशी काटेकोर, की पेन्सिलीला टोक करताना भुसासुद्धा मोजेल. आदल्या वर्षी पास झालेल्या सगळ्या मुलांना त्यांनी टपालानं कार्डं पाठवली होती, कुठं नोकरी लागली, पहिला पगार किती. उत्तरं आली त्यांचा विषयवार हिशेब काढून, हा एवढा, बारा फुटी कागदावर, स्वतःच्या हातानं लिहून, बास्केटच्या कड्याखाली भिंतीवर टांगला. सगळ्यात जास्त पगाराचा विषय सगळ्यात वर, आणि मग उतरत, उतरत, उतरत...

सगळ्यात वर कोण? भूगर्भशास्त्र! सव्वीस हजार चारशे डॉलर! अहो, मला तेव्हा पगार एकवीस हजार नऊशे. म्हणजे बावीस वर्षांचं पोर, काल ज्यानं माझ्या वर्गात डुलक्या काढल्या, ते माझ्यापेक्षा साडेचार हजारांनी मोठं! त्याखाली गणित, मग अकाउंटिंग, रसायन, मग परिचर्या, मग खाली खाली तत्त्वज्ञान, संगीत, आणि अगदी तळाला, फरशीपासून हातभर उंचीवर... लॅटिन. आणि लॅटिनपुढं आकडाच नाही! नुसती एक चांदणी. छापतात ना तळटीपेसाठी, तशी.

"मिसेस ड्रेक, ही चांदणी कसली?"

"खाली लिहिलंय प्रोफेसर."

"पण आमचा लॅटिनचा एकच मुलगा, त्याला काही पगार..."

"खाली लिहिलंय. मी मनाचं काही घातलेलं नाही. तक्ता खोटं बोलत नाही!"

आता खाली लिहिलंय तर वाकावं ना माणसानं? वाचावं ना? अहो, माझा प्रबंध सहाशे पानांचा, त्यातली चारशे पानं तळटीपा! तळटीप म्हटली की मी उडी मारायचो! पण त्या खालच्या ओळीपुढं नेमकी भूगर्भवाल्या टीझलीनं आपली दगडांची पेटी आणून ठेवलेली. आणि खरं सांगू का... पेटी सरकवता आली असती. दोन हातांनी सरकली असती. मीच सरकवली नाही. मला वाटलं, काय लिहिलेलं असणार ते ठाऊक आहे. आपल्या विद्यार्थ्याला कुणी उभं केलं नसणार, बिचाऱ्याला पगार शून्य, आणि मिसेस ड्रेकनी लाज राखायला शून्याच्या जागी चांदणी काढली. दयाळू बाई, असंही वाटलं मला! आणि चार लोकांसमोर वाकून आपलं शून्य वाचायचं, हे काही माझ्यानं झालं नाही.

हा टीझली, बरं का, हे एक वेगळंच प्रकरण. पायात बूट, कमरेला पदकाएवढं बक्कल, आवाज असा की पलीकडच्या चर्चमधला पियानो हलावा. "या पोरांनो या! दगड उचला! जमिनीखाली तेल आहे, तेलात पैसा आहे, नुसतं खाली वाकायचा अवकाश!" तेव्हा तेलाच्या कंपन्यांचे लोक टुलसाहून यायचे, मुलांना हॉटेलात नेऊन ताटाएवढं मांस खायला घालायचे, तिथंच सही घ्यायचे. आणि माझ्याकडं बघून टीझली काय म्हणतो? "काय हो लिंडक्विस्ट! मेलेल्यांची भाषा शिकवून जिवंत पोरांना उपाशी मारता होय?" सगळे हसले. मीही हसलो. मला वाटतं मीच सगळ्यात जास्त हसलो.

आणि मग आली डार्लीन.

डार्लीन पोकोर्नी. चाळीस मैलांवरच्या गावची. वडील शाळेच्या बॉयलरवर, आई वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात, आणि घरातली कॉलेजात आलेली ही पहिली. तुम्हाला सांगतो, मी एकतीस वर्षं लॅटिन शिकवलं, हुशार मुलं पाहिली, पाठांतरवाली पाहिली. पण दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसानं केलेल्या विनोदावर माझ्या आधी हसणारी एकच पाहिली! बाकीची पोरं शब्दकोशात माना घालून बसलेली, आणि मागच्या बाकावरून फिस्सकन् आवाज. "काय झालं डार्लीन?" "काही नाही सर, फारच लबाड होता हो हा माणूस."

तर ती आली, बिस्किट घेतलं नाही, कार्ड पुढं केलं. विषयाच्या जागी पेनानं, ठसठशीत: लॅटिन.

"सर, सही."

आता इथं एक गोष्ट सांगायची राहिली. बघा, महत्त्वाचं तेच राहतं! जानेवारीत डीननी मला बोलावून सांगितलं होतं, "हार्लन, बोर्डानं ठरवलंय, ज्या विषयाला तीन मुलंही नाहीत तो विषय जूनपासून बंद. माझा नाइलाज आहे." माझ्याकडं किती होती? दोन. म्हणजे डार्लीन तिसरी! एक सही, की माझा विषय वाचला, खुर्ची वाचली, बिस्किटं वाचली!

कुणीही शहाणा माणूस सही करून मोकळा झाला असता. पण मी कसला शहाणा, मी शिकलेला! माझ्या हातातलं पेन थांबलं. मनात आलं, हार्लन, ही सही तू कुणासाठी करतोयस? पोरीसाठी की खुर्चीसाठी? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. तिकडं तक्त्यावरची चांदणी, इकडं मनातलं! आणि एकदा तो किडा डोक्यात शिरला की झालं... मला वाटायला लागलं, सही केली तर मी चोर. नाही केली तर मी सज्जन. आणि सज्जन व्हायचा मोह, तुम्हाला सांगतो, पैशाच्या मोहापेक्षा वाईट. पैशाच्या मोहाची निदान लाज तरी वाटते!

"डार्लीन, तो तक्ता पाहिलास?"

"पाहिला सर."

"मग?"

"मग काय? लॅटिन सगळ्यात खाली आहे. सापडायला सोपं."

"थट्टा नको. तुझे वडील..."

"बाबांना विचारलं मी. म्हणाले, मला बॉयलरमधलं कळतं, तुला त्यातलं कळतं, ज्याला जे कळतं ते त्यानं करावं."

"अगं, पण उद्या पोटाचं काय?"

"सर, तुम्ही का घेतलं होतंत लॅटिन?"

"मला सल्ला द्यायला कुणी नव्हतं!"

"नशीबवान आहात," ती म्हणाली आणि हसली. तेच, फिस्सकन्.

तिथं मला राग आला. माझ्या रागाची सवय नव्हती, ना तिला, ना मला. मी भिंतीकडं बोट दाखवून, मोठ्यानं, टीझलीच्या आवाजात म्हटलं, "सव्वीस हजार चारशे! आणि इकडं शून्य! तक्ता खोटं बोलत नाही डार्लीन! मी सही करणार नाही."

ती उभी राहिली. किती वेळ? मला वाटतं अर्धं मिनिट. एल्साला सांगताना मी पाच मिनिटं म्हटलं होतं. पियानोवाल्या बाईही वाजवायच्या थांबल्या होत्या, की ते मी नंतर मनानं जोडलं? माहीत नाही. मग तिनं माझ्याच टेबलावर कार्ड ठेवून लॅटिनवर एक रेघ मारली. सरळ रेघ, पट्टी लावल्यासारखी. त्यापुढं भूगर्भशास्त्र लिहिलं, आणि चारला वीस मिनिटं असताना टीझलीनं एवढ्या मोठ्या अक्षरात सही ठोकली, वर तिच्या हातात एक दगड दिला. "शाब्बास पोरी! वर आलीस!" जाताना तिनं माझ्याकडचं एक बिस्किट उचललं. इतर मुलं उचलायची तसं.

मी घरी गेलो तो छाती फुगवून. एल्सानं चिली, म्हणजे राजमा-मांसाचा रस्सा, आणि दालचिनीचे रोल केले होते. मी म्हटलं, "एल्सा, आज मी माझ्या पोटावर पाय देऊन एका पोरीचं भलं केलं."

एल्सा म्हणाली, "तिनं भलं मागितलं होतं का?"

"नाही, पण..."

"काय मागितलं होतं?"

"सही."

"मग?" एवढंच म्हणाली, आणि रोल माझ्यापुढं सरकवला. मी खाल्ला. गोड होता.

पुढचं काय सांगू? जूनमध्ये लॅटिन बंद. मला पहिल्या वर्षाला इंग्रजी निबंध दिले, म्हणजे पुढची चौदा वर्षं मी लोकांचे स्वल्पविराम लावले. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या ओक्लाहोमात तेलवाल्यांना उधळून कर्ज देणारी एक बँक बुडाली, मग तेलविहिरी एकेक करून थांबायला लागल्या, आणि तेलाचा भाव जो उतरायला लागला... टुलसाचे लोक यायचे बंद झाले. आधी मांस बंद झालं, मग कॉफी, मग फोन. टीझलीचा आवाज बसला. खरंच बसला! चौऱ्याऐंशीच्या मेमध्ये पदवीदानाला तो माझ्या शेजारी बसला होता, पुढून त्याची अकरा मुलं काळे झगे घालून चाललेली, आणि हळूच मला म्हणतो, "लिंडक्विस्ट, एकालाही नोकरी नाही हो. एकालाही नाही." पहिल्यांदा मला त्याची दया आली, आणि मी त्याला काय म्हणावं? "पण तक्ता..." एवढंच तोंडातून आलं. लाज वाटते सांगायला.

पण खरी गंमत पुढं. गंमत म्हणायची हो, दुसरं काय म्हणणार! त्याच मे महिन्यात मला विचिटाहून एका शाळेचं पत्र आलं. "आमच्या लॅटिनच्या बाई निवृत्त होताहेत, सगळीकडं शोधलं, लॅटिन शिकवणारं माणूस मिळत नाही, तुमचं कुणी असेल तर ताबडतोब पाठवा. पगार पंधरा हजार दोनशे." पंधरा हजार! शून्य नव्हे, पंधरा हजार! मी ते पत्र घेऊन मुलींच्या वसतिगृहापर्यंत पळत गेलो. पळत! माझ्या वयाचा माणूस! डार्लीन सामान बांधत होती, खोक्यात दगड भरत होती. तिनं पत्र उभ्या उभ्या वाचलं, दोनदा वाचलं.

"सर, त्यांना लॅटिनचे तीस श्रेयांक लागतात. माझे चौदा आहेत."

"आपण लिहू त्यांना! मी लिहितो! मी सांगतो की ही मुलगी..."

"लिहा," ती म्हणाली. अगदी शांतपणे म्हणाली, लहान मुलाला म्हणावं तसं. मी लिहिलं. चार पानं लिहिली, वर तळटीपा. सरकारी नियम आहे, असं एका ओळीचं उत्तर आलं. त्यांनी त्या वर्षी लॅटिन बंद केलं आणि मुलांना टंकलेखन शिकवलं. तेलही गेलं, तूपही गेलं! माझं म्हणाल तर माझ्या हाती निदान स्वल्पविराम होते, तिच्या हाती दगडांचं खोकं.

ती घरी गेली. आईच्या जागी, तात्पुरतं म्हणून, वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात लागली. तात्पुरतं! तुम्हाला सांगतो, या शब्दाइतका टिकाऊ शब्द मी दुसरा पाहिला नाही.

आणि आता मी कुठं राहतो? एल्सा गेल्यावर पोरांनी मला कुठं आणून ठेवलं? विचारूच नका! आमच्या भागात वृद्धाश्रम आहेत तरी किती, एक. आलो त्या पहिल्या गुरुवारी दारावर टकटक झाली, कपड्यांची गाडी आत आली, आणि गाडीमागं डार्लीन. केस पांढरे, चष्मा, गळ्यात किल्ल्या. धुलाईघराची प्रमुख. हातात कधी न पुसणाऱ्या काळ्या शाईचं पेन, कपड्यांवर नावं घालतात ना इथं, हरवू नयेत म्हणून.

"सर, कॉलर दाखवा."

मी कॉलर दाखवली. तिनं मानेमागं माझं नाव लिहिलं. मी सांगतो, त्या पेनाचं टोक लागलं तेव्हा मला वाटलं, ही सही. मी न केलेली सही, ही माझ्या मानेवर करतेय.

दर गुरुवारी मी ठरवतो, आज माफी मागायची. आयुष्यभर दारांची, खुर्च्यांची माफी मागत आलेला माणूस, आणि इथं शब्द फुटत नाही! "डार्लीन, त्या शुक्रवारी मी..." "सर, बनियन सहा होते, पाचच दिलेत." "डार्लीन, तुझं आयुष्य..." "पायमोजे जोडीनं बांधून देत जा हो सर, किती वेळा सांगायचं!" शेवटी एकदा मी दारातच आडवा उभा राहिलो. म्हटलं, बोलल्याशिवाय गाडी जाऊ देणार नाही. ती थांबली. चष्मा पुसला. म्हणाली, "हे बघा सर. तुम्ही सही केली असती, तरी कोण जाणे, मी इथंच असते. पण मग सगळा दोष मी माझ्यावर घेतला असता. आता तो तुम्ही रोज घेता. तेवढं माझं काम वाचतं. सरका."

सरकलो.

मागच्या गुरुवारी मात्र ती आपणहून थांबली. माझे रुमाल मोजता मोजता, सहज, मान वर न करता म्हणाली, "सर, त्या तक्त्यावर लॅटिनपुढं चांदणी होती ना एक? मी तेव्हा वाचायला वाकले होते, पण टीझली सरांची पेटी आडवी होती. पुढं कळलं का हो तुम्हाला, कसली होती ती?"

मी म्हटलं, "नाही बुवा. आता काय आठवतंय."

"मला तर त्याची शाईसुद्धा आठवत नाही," ती म्हणाली, आणि गाडी ढकलत गेली.

खोटं बोललो मी, तिच्याशी, आणि मघाशी शाईचं तुमच्याशीही. तक्ता खोटं बोलत नाही, मी बोललो. कारण दोन हजार एक सालीच मला कळलं होतं. नोकरी-कचेरीचं तळघर रिकामं करत होते, आणि मिसेस ड्रेकनी, वय वर्षं ब्याऐंशी, मला फोन केला, "प्रोफेसर, तुमचा तो तक्ता फेकायला काढलाय, येऊन बघायचा असेल तर बघा." गेलो. फरशीवर उलगडला. शाई जांभळी होती! हिरवी नाही, निळी नाही, जांभळी! आणि यावेळी पेटी नव्हती, मी गुडघे टेकले आणि वाचलं. बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं: "ज्या विषयाच्या एकाच विद्यार्थ्याचं उत्तर आलं आहे, त्याचा पगार लोकांना कळू नये म्हणून आकडा दिलेला नाही."

"म्हणजे आमच्याकडून उत्तर आलं होतं?"

"आलं होतं की," मिसेस ड्रेक खोक्यात बोटं फिरवत म्हणाल्या, "एकच तर पास झाला होता तुमचा, रॉडनी. हे घ्या कार्ड."

घेतलं. नोकरी: ओक्लाहोमात तेलविहिरीवर मजूर, पाइप जोडणं. मुख्य विषयाचा कामात उपयोग होतो का: होतो, मुकादमाला शिव्या देताना. आणि त्याखाली, जादा तासांसकट, वर्षाचा पगार: एकतीस हजार दोनशे डॉलर. अख्ख्या तक्त्यात सगळ्यात जास्त.